गावी परतणाऱ्याला काय द्यावे?



आमच्या मंडळीतील एक कुटुंब उधना सोडून नवापूर तालुक्यातील आपल्या गावी कायमचे राहायला निघाले आहे. भाऊंनी सुरतेत लूमच्या कारखान्यात बावीस वर्षे काढली, शेवटची काही वर्षे मास्तर म्हणून. आता वडिलांची दोन एकर जमीन, पत्र्याचे नवे घर आणि एक जुनी विहीर. गृहार्पणाच्या प्रार्थनेला पाळकसाहेबांबरोबर आम्हीही जाणार होतो आणि भेटवस्तू ठरवण्याचे काम आमच्याकडे आले. आपल्याकडे अशा वेळी यादी ठरलेलीच असते : भिंतीवरचे घड्याळ, शेवटच्या भोजनाची तसबीर, वचन लिहिलेली पाटी, फार झाले तर मिक्सर. त्यांच्या घरी तीन घड्याळे आहेत. हे आम्हांला पक्के ठाऊक आहे, कारण त्यांतले एक आम्हीच दिलेले.

म्हणून थोडे मागे वळून पाहिले. नव्या जागी संसार मांडणाऱ्याच्या हाती आपल्या आधीच्या ख्रिस्ती लोकांनी काय दिले होते?

सुरतेपासूनच सुरुवात केली. येथील ख्रिस्ती माणसांची सर्वांत भव्य वास्तू शोधायला गेलो तर ती निघते इंग्रजांच्या कबरस्तानात. कंपनीचा अधिकारी जॉर्ज ऑक्झेंडन १६६९ मध्ये येथे वारला आणि त्याच्या दहा वर्षे आधी गेलेल्या भावासह दुमजली घुमटाखाली निजला आहे. व्यापारासाठी आलेल्यांनी घरे कमी आणि थडगी मोठी बांधली, असे आमच्यातले एक काका म्हणतात. आपल्या लोकांशी संबंध येतो तो पुढे, १८१५ मध्ये, लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि विल्यम फायवी सुरतेत आले तेव्हापासून. त्यांनी येथे छापखाना घातला आणि पवित्र शास्त्र गुजरातीत आणले. १८४० च्या दशकात हे काम आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. म्हणजे पहिली भेट पुस्तकाची. ती मोठीच होती. पण पुस्तक स्वीकारलेल्या माणसापुढे दुसऱ्या दिवशी सकाळी वेगळाच प्रश्न उभा राही : पाणी कोणत्या विहिरीवर भरायचे? जातीने टाकलेल्याला गावची विहीर बंद, कसायला जमीन बंद, बलुत्याचे काम बंद.

यावर मिशनने काढलेला तोडगा म्हणजे ख्रिस्ती गावे. गुजरातेत अहमदाबादजवळ शाहवाडी आणि रानीपूर अशी गावे वसली. मिशनने जमीन मिळवून घरे उभी केली आणि निराधार झालेल्या कुटुंबांना तेथे आणले. ज्यांना कोठेच थारा नव्हता त्यांना छप्पर मिळाले, हे उपकार नाकारणे कृतघ्नपणा होईल. तरी या व्यवस्थेत एक गाठ होती. जमिनीची मालकी बहुधा मिशनकडेच राही. कुळ ख्रिस्ती, मालकही ख्रिस्ती, आणि पाळकाची नाराजी म्हणजे जमीनदाराची नाराजी. कोणी कसे राहावे याचे नियम देणारा घालून देई. घर दिले होते, पण ते घेणाऱ्याचे पूर्णपणे झाले नव्हते. आजही आपण एखाद्याला मदत करतो आणि मग त्याच्या उपासनेच्या हजेरीवर लक्ष ठेवतो, तेव्हा हाच जुना रोग उफाळून येतो असे आम्हांला वाटते.

नाशिकच्या शरणपूरची गोष्ट थोडी वेगळी आहे. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये हे गाव वसवले. तेही मिशनचेच गाव, तेथेही शिस्त कडक. पण तेथे सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवले जात. अरबी गलबतांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला उतरत, त्यांतली बरीच येथे आणली गेली. गोदाकाठी वाढलेल्या या मुलांपैकी जेकब वेनराइट हा एक. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अरण्यात लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा त्यांच्यासाठी प्रार्थना वाचणारा आणि झाडावर त्यांचे नाव कोरणारा हाच. पुढे १८७५ मध्ये प्राइस यांनी मोंबासाजवळ फ्रियरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभारली, तेव्हा तिच्या उभारणीत नाशिकला शिकलेले हे लोक पुढे होते. कोणी शिक्षक, कोणी उपदेशक, कोणी कारागीर. शरणपूरची जमीन त्यांना बरोबर नेता आली नसती. हातातली कला समुद्रापार गेली.

अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात सातव्या वर्षी मुक्त होणाऱ्या दासाविषयी आज्ञा आहे : त्याला रिकाम्या हाताने पाठवू नका, आपल्या कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून त्याला भरभरून द्या. मेंढरे आणि धान्य, म्हणजे ज्यांतून पुढे आणखी निपजते ते. पाटी आणि तसबीर या यादीत नाही.

पंडिता रमाबाईंनाही हे कळले होते. १९०० च्या सुमारास गुजरातेत जो भयंकर दुष्काळ पडला, ज्याला तिकडचे लोक अजून छप्पनिया म्हणतात, त्यात त्यांनी गुजरातेतून मोठ्या संख्येने मुली आणि स्त्रिया केडगावला नेल्या. केडगावात जमीन होती, विहिरी खोदल्या होत्या, बैल होते. मागावर विणणे, तेल काढणे, छपाई ही कामे या बायका शिकल्या. मुक्ती हे नाव ठेवायचे आणि माणसाला आयुष्यभर ताटासमोर बसवून ठेवायचे, हे रमाबाईंना रुचले नसते.

इतके बोलून झाल्यावर आमच्यातल्या एका ताईंनी साधी गोष्ट काढली. इतकी चर्चा करता, त्या घरच्या बाईला कोणी विचारले का? आणि त्यांनी अखसेची आठवण दिली. कालेबाने आपली मुलगी अथनिएलाला दिली, जमीनही दिली, पण ती कोरड्या नेगेबातली. अखसा बापाकडे आली, गाढवावरून उतरली आणि तिने सरळ मागितले : जमीन दिलीस, आता पाण्याचे झरेही दे. कालेबाने वरचे झरेही दिले आणि खालचेही. रागावला नाही, उपकारांची आठवण करून दिली नाही. यहोशवाच्या पुस्तकात हा प्रसंग जमिनीच्या वाटण्यांच्या लांबलचक यादीत दडला आहे, आणि आपण बहुतेक वेळा ती यादी ओलांडून पुढे जातो.

आम्ही विचारायला गेलो. भाऊ म्हणाले, काही नको, तुमची प्रार्थना असू द्या. वहिनी आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, पाइप द्या. विहिरीपासून घराचा परसू दूर आहे, मोटार आहे पण पाइप पार फाटला. परसात भाजी लावायची आहे. भाऊ जरा ओशाळले. मग त्यांनीही हळूच सांगितले की पान्यांचा एक चांगला संच मिळाला तर बरे. बावीस वर्षे लूम उघडून जोडले, गावातल्या मोटारी दुरुस्त करायला आता नवापूरपर्यंत जावे लागते, ते काम ते करू शकतील.

वर्गणी पुरली. एकाने सुचवले की पेटीवर मंडळीचे नाव आणि तारीख रंगवून घेऊ. बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग ताईंनी विषय बदलला आणि दुकानात बिल वहिनींच्या नावाने करून घेतले, म्हणजे पाइप खराब निघाला तर बदलून घ्यायला त्यांना आमची वाट पाहावी लागणार नाही.

पाइपचे वेटोळे इतके जड निघाले की ते ताप्ती लाइनच्या गाडीत चढवायला चौघे लागले. नवापूरला उतरलो. ते स्टेशन निम्मे गुजरातेत आणि निम्मे महाराष्ट्रात आहे, त्यामुळे वेटोळे काही क्षण दोन राज्यांत पडून होते. प्रार्थना झाली, भाकरी आणि उडदाची डाळ जेवलो. ऊन कलल्यावर वहिनींनी मोटार सुरू केली.