गिरणगावची खानावळ आणि मुंबईचा डबा

माणूस गाव सोडतो तो पोटासाठी; परंतु परक्या शहरात त्याचे गावपण जपले जाते तेही बऱ्याच अंशी ताटातूनच. महानगरी मुंबईचा इतिहास याची साक्ष देतो.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. १८७० मध्ये आपले खामगाव लोहमार्गाने जोडले गेले आणि वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे वेगाने जाऊ लागला. परळ-लालबागच्या गिरण्यांत कोकणातून व घाटावरून हजारो पुरुष आले. कुटुंब गावी आणि बिऱ्हाड दाटीच्या खोलीत, अशा या कामगारांच्या जेवणाची सोय चाळीतील स्त्रियांनी चालविलेल्या खानावळींनी केली. कामगार बहुधा आपल्याच गावच्या वा जातीच्या बाईकडे जेवत असे. तेथे गावची खबर मिळे, नोकरीची वार्ता कळे. जेवणाचे पैसे पगारानंतर मिळत. तोवर त्या माउलीला किराणा उधारीवर आणावा लागे व सावकाराचे व्याज सोसावे लागे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या स्त्रियांना 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त संघटित केले आणि बँकेच्या कर्जाची वाट मोकळी केली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. जेवणारेच उरले नाहीत, तेव्हा चुलीही थंडावल्या.

ज्यांचे घर शहरातच होते, त्यांच्यापर्यंत घरचे अन्न पोहोचविले डबेवाल्यांनी. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी ही सेवा सुरू केली, असे मानले जाते. मावळ, खेड, जुन्नर भागांतील या वारकरी मंडळींनी भरभराटीच्या काळात रोज सुमारे दोन लाख डबे पोहोचविले. २०२० च्या महामारीनंतर ही संख्या बरीच घटली.

जैन समाजाच्या दृष्टीने या सेवेचे मोल मोठे आहे. कंदमूळत्याग व रात्रिभोजनत्याग ही व्रते गावात सहज पाळली जातात. नोकरी-व्यापारासाठी दिवसभर बाहेर असणाऱ्याला ती कठीण जातात. दुपारच्या डब्याने मर्यादेतील अन्न पेढीपर्यंत नेले. पुढे शहरही बदलले. बटाट्याऐवजी कच्ची केळी घातलेली 'जैन पावभाजी' आज मुंबईत रस्त्यावरही मिळते. एका समाजाचा आचार अशा रीतीने सर्वांच्या बोलीत आला.

तथापि आहार जसा आधार होतो, तशीच भिंतही होऊ शकतो. खाण्यावरून घर नाकारल्याचे वाद याच शहराने पाहिले आहेत. खानावळीत प्रत्येक जण आपल्यांतच जेवला. डबेवाल्याच्या डोक्यावरील लाकडी पाटीत मात्र शाकाहारी व मांसाहारी, गुजराती व मराठी असे सारे डबे शेजारी शेजारी बसून गेले. कोणाचे अन्न कोणात मिसळले नाही आणि कोणी कोणाला दूरही लोटले नाही.

आपल्या परंपरेत आहारदानाला औषध, शास्त्र व अभय यांच्या बरोबरीचे स्थान आहे. आहारदान आणि अभयदान एकाच पंक्तीत का बसविले असावे, याचा अर्थ त्या पाटीकडे पाहिले की उमगतो. आपला नियम निष्ठेने पाळावा आणि शेजाऱ्याला निर्भय राहू द्यावे, एवढे साधले की पिंपळगावची पंगत असो वा मुंबईचा डबा, अन्न माणसे जोडीतच राहील.