रिकिबीत एक पाय

अंबाजोगाईला मुकुंदराजांच्या समाधीकडे निघालात की ही गोष्ट कुणीतरी सांगतंच. जैत्रपाळ राजाला ब्रह्म बघायचं होतं, पण बसायला वेळ नव्हता. एका रिकिबीत पाय घातला की दुसरा पाय पलीकडे जाईपर्यंत काम झालं पाहिजे, ही अट! ज्या साधूंना जमलं नाही त्यांना शिक्षा. शेवटी मुकुंदराजांनी त्याला तिथल्या तिथे समाधी लावून दिली म्हणे.

'विवेकसिंधु' शके १११०चा, म्हणजे इ.स. ११८८चा मानतात, ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधीचा. हा जैत्रपाळ नेमका कोण, मुकुंदराज अंबाजोगाईचे की विदर्भातल्या अंभोऱ्याचे, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. असो. मला गंमत वाटते ती "वेळ नाही" या सबबीची.

ही सबब मोजायची पट्टीसुद्धा आहे. २०११ साली अमेरिकेत ॲना-लीला विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी सतरा वाक्यांची प्रश्नावली केली: मला वेळ नाही, शांत जागा नाही, विचार थांबत नाहीत, घरच्यांना विचित्र वाटेल, धर्माच्या आड येईल. प्रत्येकाशी किती सहमत, ते सांगायचं. कॅन्सरच्या पेशंटची घरी काळजी घेणाऱ्यांवर त्यांनी ती वापरली. २०२० साली सुधारलेल्या आवृत्तीत चार गट पडले: फायदा वाटत नाही, माहिती नाही, व्यवहारातल्या अडचणी, आणि समाज-धर्माशी विरोध. प्रोग्रामर माणसाला असं वर्गीकरण दिसलं की लगेच वापरून बघावंसं वाटतं.

मी मामीवर प्रयोग केला. मामा-मामी वीस हंगाम ऊसतोडीला जायचे. दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', मुक्काम कोपीत, पहाट व्हायच्या आत फडात. मी विचारलं, "मामी, तिकडं कधी डोळे मिटून शांत बसलीस का?"

"शांत बसलं की झोपच लागती बघ. अन् झोपलं की मुकादमाची हाक येती."

हे 'व्यवहारातल्या अडचणी'त टाकलं. मग स्वतःचं लिहिलं: वेळ नाही, पूर्ण सहमत. पट्टी 'मला काय वाटतं' ते मोजते, खरं काय ते नाही. त्यामुळे मामीच्या आणि माझ्या रकान्यात एकच आकडा पडला.

त्या रात्री मी बारापर्यंत जुन्या मॅचची हायलाइट्स बघत होतो.