गव्हला-कचोऱ्याचा वास

चार वर्षांपूर्वी नांदुऱ्याच्या बाजारातून मी उटण्याचे तयार पाकीट आणले. मायने चिमूटभर नाकाशी नेले आणि म्हणाली, "याले उटणं म्हणाव का, बापू? नुसता सेंट हाय." हिशेबनिशीत उमेद गेलेल्या माणसाला पुस्तकांत डोके घालायला एवढे निमित्त पुरे झाले.

तिच्या खलातल्या उटण्याचा वास उबदार, किंचित तिखट आणि मागून गोड. तो एकदम येत नसे. कोरड्या डब्यात जवळजवळ झोपलेला असे. कोमट तेलात कालवून अंगाला लावले की आधी कपूरकचरीची कापरासारखी झुळूक, मग गव्हल्याचा बदामी गोडवा, आणि न्हाणे उरकल्यावरही मानेपाशी रेंगाळणारी जटामांसी व नागरमोथा. हलकी तेले उबेने आधी उडतात, जड मागे राहतात, कारण एवढेच. ज्या लव्हाळ्याला कपाशीत आपण शिव्या घालतो, त्याच्याच कुळातला हा नागरमोथा.

या मिश्रणविद्येचा इतिहास मोठा आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत 'गंधयुक्ती' हे प्रकरणच घातले. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे 1,820 प्रकार. प्रमाणे बदलली की प्रत्येकाचे 96. म्हणजे 1,74,720 गंध! त्या सोळांत मोथा, वाळा, चंदन आहेतच. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लासा'त स्नान आणि विलेपन हे राजाचे उपभोग म्हणून येतात.

पण मला खरा आनंद झाला तो परशुराम कृष्ण गोडे यांच्यामुळे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या या अभ्यासकाने 1940 च्या दशकात गंगाधराच्या 'गंधसारा'वर आणि त्यासोबतच्या 'गंधवादा'वर लिहिले. गंधवादावर टीका आहे, आणि ती मराठीत! संतसाहित्य आणि बखरी वाचून आपण जुन्या मराठीचे चित्र रंगवतो. त्यात अत्तरे घोटणारा, धूप जाळणारा हा मराठी माणूस कुठेच नसतो. 'गंधसार' पुढे 1989 साली बडोद्याहून संपादित होऊन निघाला. त्यात सुगंध घडवण्याच्या सहा क्रिया आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन, वासन. भिजवणे, शिजवणे, जागे करणे, भेदणे, धुरी देणे, वास मुरवणे. 'बोध' हा शब्द वाचला तेव्हा मला मायचे तेलात कालवलेले उटणे आठवले. ग्रंथातली क्रिया नेमकी तीच असे मी म्हणणार नाही, पण शब्द चपखल आहे.

आता अडचणीची गोष्ट. जुन्या ग्रंथांतले सुगंधी द्रव्य 'प्रियंगू' म्हणजेच गव्हला, असे आपल्याकडे सर्रास धरतात. सरकारी आयुर्वेदिक संहितेत प्रियंगू म्हणजे एका डोंगरी झुडपाचा फुलोरा. काष्ठौषधीच्या दुकानात मात्र गव्हला म्हणून मिळतात त्या महालेब नावाच्या रानचेरीच्या बिया. तुर्की-ग्रीक पावांत घालतात त्याच! म्हणजे ज्या गोडव्याला माय अस्सल म्हणते, तोसुद्धा बदलीवर आलेला असावा. म्हणून पाकिटातला सेंटही चालतो का? मला तसे वाटत नाही. द्रव्ये पूर्वीही बदलली, पण वासाची चाल टिकली; पाकिटातला वास पहिल्याच क्षणी सगळा येतो आणि आंघोळीच्या पाण्याबरोबर जातो. जटामांसीची बदली तर पुढे करावीच लागेल. हिमालयातून ती इतकी उपसली गेली की 1997 पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. मी चिमूटभरच घेतो, तरी हात अडखळतो.

गेल्या दिवाळीला मी स्वतः कुटले. मायला आता डोळ्यांनी फारसे दिसत नाही. तळहातावर घेऊन तिने बराच वेळ हुंगले.

"कचोरा बरोबर हाय," ती म्हणाली. "वाळा जास्त झाला."