पाठ केलेले आकडे

एप्रिल २००५मध्ये पुण्यात एक गुन्हा उघडकीस आला. एमफॅसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधील काही आजी-माजी कर्मचाऱ्यांनी सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांचा फोनवरच्या संभाषणातून विश्वास संपादन केला, त्यांचे पिन मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यात बनावट नावांनी उघडलेल्या खात्यांत वळवले. कामावर येता-जाता कर्मचाऱ्यांची झडती होत असे. आकडे टिपून बाहेर नेणे शक्य नव्हते. तेव्हा ते पाठ करून नेले व सायबर कॅफेतून वापरले, असा पोलिसांचा कयास होता. संगणकाचे कुलूप कोणी फोडलेच नव्हते.

आजच्या फसवणुकीचे तिन्ही घटक येथे दिसतात : हाती आलेली माहिती, विश्वासार्ह वाटणारा आवाज आणि पैसे उतरवून घेणारी परक्या नावाची खाती.

ऑगस्ट २००९पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड-व्यवहारांना प्रमाणीकरणाचा आणखी एक टप्पा सक्तीचा केला. त्यामुळे नुसता कार्ड क्रमांक चोरून भागेना; मालकाकडूनच ओटीपी वदवून घेणे आवश्यक ठरले. ऑक्टोबर २०१६मध्ये सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे कळले, तेव्हा बँकांनी कार्डे रोखली, बदलून दिली. त्याच महिन्यात ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याचे भासवून तेथून अमेरिकेत धमकीचे फोन जात. याच तऱ्हेच्या, अहमदाबादेतील जाळ्याविरुद्ध अमेरिकेच्या न्याय विभागाने महिनाअखेरीस आरोपपत्र जाहीर केले. बळींची माहिती डेटा-दलालांकडून मिळवली जात असे, असे त्यात नमूद आहे.

कार्ड बदलता येते, पण सारीच माहिती तशी नसते. सप्टेंबर २०२४मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती, वैद्यकीय अहवालांसह, टेलिग्रामवरच्या चॅटबॉटमधून मिळत असल्याचे उघड झाले. आजार, जन्मतारीख, वडिलांचे नाव हे कसे बदलणार? (अज्ञात पुंज अवस्थेची हुबेहूब प्रत काढता येत नाही, असा आमच्या भौतिकशास्त्रातला सिद्धान्त आहे. जन्मतारखेला ते संरक्षण नाही.) उद्या एखाद्याने फोनवर तुमच्या पॉलिसीचा क्रमांक आणि शस्त्रक्रियेची तारीख अचूक सांगितली, तर त्यावरून तो विमा कंपनीचा माणूस ठरत नाही, त्याच्याकडे ती यादी आहे, एवढेच ठरते.

तिसरा घटक, म्हणजे परक्या नावाची खाती, आम्हा भिलाईकरांच्या ओळखीचा आहे. येथून निघालेल्या महादेव बेटिंग ॲपचा पैसा बेनामी बँक खात्यांच्या साखळीतून फिरवला गेला, असे ईडीचे म्हणणे आहे. आणि याच शहरात, आयआयटी भिलाईत, सायबर-भौतिक प्रणालींच्या राष्ट्रीय अभियानातील २५ केंद्रांपैकी वित्ततंत्रज्ञानाचे केंद्र आहे. संशयास्पद खाती ओळखण्याचे संशोधन मला ओटीपीच्या जाहिरातींहून अधिक मोलाचे वाटते, कारण आवाज कितीही बदलले तरी पैसा कुठेतरी उतरावाच लागतो.

तोवर नियम ग्राहकावर कठोर आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार, दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, अशा प्रसंगी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवले तर ग्राहकाचे दायित्व शून्य. मात्र ओटीपी त्याने स्वतः सांगितला असेल, तर तक्रार करेपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. गळती दुसऱ्याच्या दारात झाली, हे तेथे विचारात घेतले जात नाही. मला हे अन्याय्य वाटते. पण आज वागायचे ते हे धरूनच.

बँक किंवा विमा कंपनी आपली ओळख पटवायला सांगते. फोन करणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय आपल्याला क्वचितच असते. म्हणून फोन ठेवावा, संदेशातील दुवा उघडू नये आणि कार्डामागे वा पॉलिसीवर छापलेल्या क्रमांकावर आपणच फोन लावावा. पैसे गेलेच तर आधी १९३० आणि लगोलग बँक : रक्कम पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.