टाचेमागचे मासे

मासेमारी हा काही माझा प्रांत नव्हे. पण ऑफिसातल्या एका मित्राने फारच आग्रह केला म्हणून एका जानेवारीत न्यू मेक्सिकोतल्या सॅन हुआन नदीवर गेलो. तापमान शून्याखाली, काठावर बर्फ, गळाची दोरी काठीच्या कड्यांतच गोठत होती. म्हटलं, एवढ्या थंडीत कोण येणार? पाहतो तर नदीत माणसंच माणसं! 'टेक्सास होल' नावाच्या डोहात लोक कंबरभर पाण्यात रांगेने उभे, शेजाऱ्याची दोरी आपल्या दोरीत अडकेल इतके जवळ.

फ्लाय फिशिंग म्हणजे गळाला खरं आमिष न लावता दोरा, केस, पिसं गुंडाळून केलेला खोटा किडा लावायचा. इथे हिवाळ्यात चालतो तो 'मिज' नावाच्या चिलटासारख्या किड्याचा नमुना, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचा. बोटं बधिर झालेली असताना तो बांधणं म्हणजे काय ते विचारू नका.

मी पाय जरा हलवला आणि मागे पाहिलं, तर माझ्या टाचेमागे चार-पाच ट्राउट उभे! मी खूष. तेवढ्यात मित्र ओरडला, "अरे, पाय घासू नकोस, स्थिर उभा रहा!" झालं असं, की पाय हलले की तळाचे दगड-शेवाळ ढवळले जातात, त्यातल्या अळ्या वाहू लागतात आणि मासे आयत्या जेवणाला येतात. मुद्दाम असं करून मासे जमवण्याला 'सॅन हुआन शफल' म्हणतात. या पट्ट्यात त्याला मनाई आहे.

प्रश्न मात्र डोक्यात राहिला. ही नदी गोठत का नाही? आणि इतके मासे इथेच का? घरी येऊन वाचायला बसलो, आणि उत्तर निघालं नदीच्या वरच्या टोकाला.

१९५६ साली अमेरिकन संसदेने कोलोराडो नदीच्या खोऱ्यातल्या मोठ्या धरणांचा कायदा केला. त्यातलंच हे नवाहो धरण, ४०० फुटांहून उंच, मातीचं, १९६२ साली पूर्ण झालेलं. मागच्या जलाशयात रोझा हे गाव बुडालं. धरणातून पाणी सुटतं ते खोलातून, आणि खोलातलं पाणी बारा महिने साधारण सहा-सात अंश सेल्सियस. म्हणजे उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात हवेपेक्षा ऊबदार. गाळ जलाशयातच बसतो, त्यामुळे पाणी नितळ. ट्राउटला आणखी काय हवं?

धरणाआधीची सॅन हुआन अशी नव्हतीच. वसंतात बर्फ वितळला की पूर, उन्हाळ्यात कोमट आणि गढूळ. या नदीचे मासेही तसेच. कोलोराडो पाइकमिनो हा त्यांचा राजा, सहा फुटांपर्यंत वाढणारा, अंडी घालायला शेकडो किलोमीटर प्रवास करणारा. पूर्वीचे वसाहतवाले त्याला 'व्हाइट सॅल्मन' म्हणत आणि आवडीने खात. इथला रेनबो ट्राउट मूळचा पॅसिफिक किनाऱ्याकडचा, ब्राउन ट्राउट तर युरोपातला. दोघेही पाहुणे.

आणि पाहुण्यांसाठी घर रिकामं करण्यात आलं. १९६१ साली, पाणी अडवण्याआधी, सॅन हुआनमध्ये रोटेनोन हे विष सोडून मूळचे मासे मारले गेले. ते 'निरुपयोगी' ठरले होते ना! सप्टेंबर १९६२ मध्ये याच खोऱ्यातल्या ग्रीन नदीतही तेच झालं, ७०० किलोमीटरहून लांब पट्ट्यात. तिथे विष उतरवायचा उपाय पुरता लागू पडला नाही आणि ते डायनोसॉर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत पोचलं. त्यावरून मोठा गहजब झाला. पुढे १९६७ साली पाइकमिनोचं नाव सरकारच्याच संकटग्रस्त यादीत आलं. ज्याला विष घातलं, त्यालाच संरक्षण!

१९९२ पासून सॅन हुआनवर मूळचे मासे वाचवण्याचा कार्यक्रम चालू आहे. हॅचरीत वाढवलेली पाइकमिनोची पिल्लं सोडतात, आणि पाणी पुरेसं असेल त्या वसंतात धरणातून जुन्या पुराची नक्कल करणारा लोंढा सोडतात. पण त्याच पाण्यावर शेतीचाही हक्क आहे. नवाहो लोकांच्या सिंचन प्रकल्पाला १९६२ साली मंजुरी मिळाली, एक लाख दहा हजार एकरांसाठी. पहिलं पाणी मिळालं १९७६ मध्ये, आणि प्रकल्प अजून पुरा झालेला नाही. म्हणजे नदीतली खरी गर्दी आम्हा गळवाल्यांची नव्हे. आम्ही नुसते डोळ्यांना दिसतो. शेतं, शहरं, पाइकमिनो, ट्राउट, सगळेच एका व्हॉल्व्हकडे डोळे लावून बसलेत.

मित्राला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, धरण पाडायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

त्या दिवशी मला एकच ट्राउट मिळाला. सोडून दिला, नियमच आहे तसा. पुन्हा जाईन का? बहुतेक जाईन, नदी सुंदरच आहे. पण टाचेमागच्या त्या माशांना आता हसणार नाही. कोणीतरी वर नदी ढवळली, म्हणून तर आम्ही सगळे तिथे रांगेने उभे होतो.