ज्यू खाद्यसंस्कृती

ज्यू धर्मशास्त्रातील आहारनियम आणि जगभर पांगलेल्या ज्यू समाजांनी त्या नियमांत बसवून घेतलेले स्थानिक पदार्थ, यांतून घडलेली खाद्यपरंपरा. नियम बहुतांशी सर्वत्र सारखे. स्वयंपाक मात्र पोलंडमध्ये पोलिश, इराकमध्ये इराकी आणि कोकणात कोकणी.

या नियमांना कश्रुत आणि त्यांत बसणाऱ्या अन्नाला कोशेर म्हणतात. त्यांचा मुख्य आधार तोरा या ज्यू धर्मग्रंथातील लेवीय व अनुवाद ही पुस्तके होत. खूर दुभंगलेले असून रवंथही करणारे पशूच भक्ष्य, म्हणून डुक्कर व उंट वर्ज्य. माशाला पर व खवले हवेत. साहजिकच कोळंबी, खेकडे, तिसऱ्या बाद. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरात तीनदा येते. तिच्यावरून मांस व दूध एकत्र न खाण्याचा आणि दोहोंची भांडीही वेगळी ठेवण्याचा दंडक निघाला.

शब्बाथला, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत, विस्तव पेटवणे व रांधणे निषिद्ध असते. आधीच चढवलेले भांडे मंद आचेवर राहिले तर मात्र चालते. एवढ्याशा मुभेतून रात्रभर शिजणाऱ्या पदार्थांचे मोठे कुळ निघाले: पूर्व युरोपात मांस, जव, बटाटे व घेवड्याचे दाणे घातलेला चोलंट, मोरोक्कोत दफिना, इराकमध्ये कोंबडी-तांदळाचा त्बीत, येमेनमध्ये लाटलेल्या पिठाच्या गुंडाळ्यांचा जहनून. ज्यू पाककौशल्य पाहायचे तर ते सणांच्या गोडधोडापेक्षा या शनिवारच्या भांड्यांत पाहावे.

सणांपैकी पेसाहमध्ये (वल्हांडण) खमीर वर्ज्य असते. मात्झा ही रोटी पीठ भिजवल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजावी लागते. अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपीय) परंपरेत या काळात तांदूळ व कडधान्येही टाळतात. अनेक सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालचे) ज्यू ती खातात. हनुक्का या दिव्यांच्या सणाला तळणीचे पदार्थ होतात.

कोकणातील बेने इस्रायल हे ज्यू तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. मांसाच्या रश्शात ते नारळाचे दूध घालतात. हे दूध प्राणिज नसल्याने मांस-दुधाचा नियमही पाळला जातो आणि कोकणी चवही राहते. प्रार्थनेत द्राक्षमद्याऐवजी भिजवलेल्या काळ्या मनुकांचे सरबत वापरण्याची रीत त्यांच्यात आहे. प्रेषित एलियाहूच्या नावाने ते मंगलकार्यात व नवस फेडताना मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि सोबत फळे.

इस्रायलमध्ये १९४८ नंतर या साऱ्या चुली शेजारी शेजारी आल्या. १९४९ ते १९५९ या टंचाईच्या काळात रेशनिंग होते. तांदळाला पर्याय म्हणून पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन यांच्या सूचनेवरून गव्हाचे ‘प्तितीम’ हे दाणे तयार झाले. फलाफल व हुमुस आज राष्ट्रीय पदार्थ म्हणून मिरवतात; ते अरब स्वयंपाकघरातून आले असल्याने पॅलेस्टिनींचा त्यास आक्षेप आहे, आणि तो निराधार नाही. ‘साबिख’ इराकी ज्यूंकडून आला: पिटात तळलेली वांगी, उकडलेले अंडे आणि वर अंबा, म्हणजे हळद-मेथी घातलेले आंब्याचे आंबट लोणचे.

इस्रायली सैन्याच्या भटारखान्यांत कोशेर नियम लागू आहेत आणि १९८६ च्या कायद्याने पेसाहमध्ये खमिराचे पदार्थ विक्रीसाठी उघड मांडण्यास बंदी आहे. तेल अवीवच्या अनेक उपाहारगृहांत मात्र कोळंबी सर्रास मिळते.