११२ लावल्यावर पलीकडे कोण असतं? महाड-पोलादपूरकरांसाठी माहिती

महाड किंवा पोलादपूरमधून ११२ लावला की तो आपल्या पोलीस ठाण्यात वाजत नाही. तो जातो नवी मुंबईत, महापे इथल्या केंद्रात. दुसरं केंद्र नागपूरला आहे. १०८ लावला तर बोलणारा माणूस पुण्यात बसलेला असतो. त्याने आपलं गाव कधी पाहिलेलं नसतं. हे ठाऊक नसल्यामुळे अर्धा गोंधळ होतो. "मारुतीच्या देवळामागं या, लवकर या" एवढं सांगून लोक फोन ठेवून देतात. मारुतीचं देऊळ कुठल्या गावात नाही?

या केंद्रात काम करणाऱ्याला कॉल टेकर म्हणतात. कानाला हेडफोन, समोर कॉम्प्युटर, पाळीपाळीने चोवीस तास ड्युटी. ऐकता ऐकता टाइप करायचं, आणि समोरचा रडत असो की ओरडत असो, आपला आवाज चढू द्यायचा नाही. पोरांनी गंमत म्हणून लावलेले, खिशात चुकून लागलेले फोनही त्यालाच घ्यावे लागतात. त्याची नोंद अलिबागच्या पोलीस नियंत्रण कक्षात येते. तिथं डिस्पॅचर असतो, तो पोलीसच. पोलिसांची कुठली गाडी कुठं उभी आहे हे त्याला पडद्यावर दिसतं. जवळच्या गाडीला तो काम देतो आणि गाडीतल्या यंत्रावर पत्ता उमटतो. तिथून पुढं सगळं त्या पत्त्यावर. पत्ता अर्धवट असेल तर गाडी फाट्यावर येऊन उभी राहते.

१०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि ती मोफत आहे. सुरुवातीला ९३७ रुग्णवाहिका होत्या. या गाडीवर डॉक्टर असतो. फोन घेणारा विचारतो, पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, साप किंवा विंचू चावून किती वेळ झाला. लोक चिडतात, "आधी गाडी पाठवा, मग विचारा." पण गाडीतल्या डॉक्टरला काय तयारी ठेवायची ते याच उत्तरांवरून कळतं. विंचूदंशाच्या उपचारासाठी जगभर नाव झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं काम महाडचंच, त्यामुळे दंशात वेळेला काय किंमत आहे हे इथल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

आपल्याकडची खरी अडचण वाड्यांची. सुतारवाडी, बौद्धवाडी, गावठाण ही नावं गावोगाव आहेत. म्हणून पत्ता वरून खाली सांगावा: जिल्हा रायगड, तालुका पोलादपूर, गाव साखर, वाडी सुतारवाडी. मग जवळची शाळा, एसटी स्टॉप किंवा फाटा. टॉवरवरून केंद्राला ठिकाणाचा अंदाज येतो, पण डोंगरात फोन कधी पलीकडच्या खोऱ्यातला टॉवर पकडतो. आंबेनळी घाटात साताऱ्याची हद्द लागते, कशेडीत रत्नागिरीची. तिथं "पोलादपूरहून चढताना" की "महाबळेश्वरहून उतरताना" हे सांगितलंच पाहिजे. महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड वाचून आकडा सांगा.

२८ जुलै २०१८ ला आंबेनळीत दापोली कृषी विद्यापीठाची बस दरीत कोसळली आणि ३० जण गेले. वाचलेला एकटा माणूस दरीतून वर चढून आला, तेव्हा अपघात बाहेर कळला. २२ जुलै २०२१ ला तळीयेत दरड आली तेव्हा महाड पुराच्या पाण्यात होतं, वीज नाही, मोबाइल बंद, रस्ते बंद. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. टॉवर बंद पडल्यावर ११२ काय आणि १०८ काय, सगळंच मुकं होतं. अशा वेळी पोलिसांचं बिनतारी यंत्र कामाला येतं, म्हणून दरडीच्या वाडीतून चालत एक माणूस जवळच्या पोलीस चौकीपर्यंत पाठवणं यात कमीपणा नाही.

पावसाळ्यात जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७ वर असतो आणि तहसील कार्यालयातही कक्ष चालू असतो. तिथला कर्मचारी पाऊस आणि नदीची पातळी नोंदवतो. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आणि धोका पातळी ६.५ मीटर आहे. जमिनीला भेग पडली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर तेही इथं कळवायचं असतं. घर पडायची वाट बघायची नसते.

बॅलन्स संपला तरी ११२ लागतो, फोन लॉक असला तरी लागतो. आपल्या कंपनीची रेंज नसेल तर दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागू शकतो, म्हणून एकदा लावून बघावा. फोन लावून झाल्यावर तोच फोन नातेवाइकांना कळवण्यात गुंतवू नका, कारण गाडीवाला त्याच नंबरवर वाट विचारतो. रात्र असेल तर एकाने बॅटरी घेऊन फाट्यावर थांबावं.